मस्टरवरचे वय

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत छापण्यासाठी जो मजकूर तयार झाला आहे, त्यातील एका परिच्छेदाला माझी हरकत आहे. ती मी बैठकीत तोंडी घेतली. संपादक मंडळातील दोघे माझ्याच वर्गातले असल्यामुळे त्यांनी ती हसून ऐकली आणि चहा मागवला. म्हणून आता लेखी घेत आहे.

परिच्छेदात म्हटले आहे की शाळेचा एक विद्यार्थी लांब उडीत जिल्ह्यात पहिला आला होता, परंतु त्याने वय लपवल्याचे सिद्ध झाल्यामुळे त्याचे यश रद्द करण्यात आले. पुढे व्यसनाधीनतेमुळे त्याचा अकाली अंत झाला. लिहिणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. दहावीपर्यंत ते माझ्या मागच्या बाकावर बसत. स्पर्धेच्या दिवशी ते उस्मानाबादच्या मैदानावर नव्हते, गोवर निघाल्यामुळे घरी होते. मी होतो. हे वाक्य लिहिण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरे एक वर्गमित्र बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी आठवणी लिहिल्या आहेत, त्या याहून गोड आणि तितक्याच चुकीच्या. त्यांच्या लेखात हा मुलगा त्या अपमानानंतर पुन्हा कधी धावला नाही, खंगत गेला आणि वर्षभरात गेला. वाचताना डोळ्यांत पाणी येते, हे मी मान्य करतो. पण तो वर्षभरात गेला नाही. तो त्यानंतर चौदा वर्षे जगला. लग्न केले, दोन मुली झाल्या, गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उड्या टाकत जाताना मी त्याला कित्येकदा पाहिले. चौदा वर्षांचे कष्ट एका ओळीत मिटवून टाकणे ही दया नव्हे.

तिसरी हकिकत सभांमधून सांगितली जाते. तो बौद्धवस्तीतला होता, म्हणून त्याला मुद्दाम बाद केले, अशी. त्या काळी आमच्या शाळेत भेदभाव नव्हता असे मी म्हणणार नाही. गावात जो होता तो शाळेच्या फाटकापाशी चपला काढून बाहेर थांबत नव्हता. हरकत घेणाऱ्याच्या मनात काय होते, हे मला ठाऊक नाही आणि जे ठाऊक नाही त्यावर मी बोलत नाही. मला ठाऊक आहे ते इतकेच, की त्याला बाद करणारा कागद कोणाच्या हाताने लिहिला गेला. तो माझ्या हाताने लिहिला गेला.

आता क्रमाने सांगतो.

तो नववीत आमच्या वर्गात आला तेव्हा उंचीने माझ्याएवढाच होता, पण पायांची घडण वेगळी होती. गुडघ्याखाली नुसती दोरीसारखी ताठ शीर. पी.टी.च्या सरांनी शाळेमागे उडीसाठी खड्डा खणून घेतला होता आणि त्यात नदीची वाळू भरली होती. त्या वर्षी नदीत वाळूशिवाय दुसरे काही नव्हतेच, त्यामुळे वाळूला तोटा नव्हता. तो अनवाणी धावत यायचा. शेवटची तीन पावले लहान करायचा, फळीवर डावा पाय पडायचा आणि तो हवेत जायचा. वाळूत पडल्यावर तो मागे वळून खूण पाहत नसे. टेप लावणाऱ्याकडे बघून म्हणायचा, “सांग लवकर, मला पाणी भरायला जायचंय.” तालुक्याला त्याने मोठ्या शाळांची मुले मागे टाकली. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक लाकडी फलक होता, त्यावर पेंटरकडून त्याचे नाव आणि उडीचे माप लिहून घेतले गेले. त्या फलकावर आमच्या वर्गातले ते एकच नाव होते.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. मी फक्त कामापुरते सांगतो. आमच्या शिवारात पाझर तलावाचे सरकारी काम निघाले. माणसे खडी फोडायची, माती वाहायची आणि आठवड्याला पगार आणि वर खायला सुकडी मिळायची. अट एकच, की कामावर येणारा अठरा वर्षांचा पाहिजे. पण घरात खाणारी तोंडे अठरा वर्षांची नव्हती. मुकादम माझे सख्खे चुलते. हजेरीच्या कारकुनाला जवळचे दिसत नसे आणि माझे अक्षर तालुक्यात नावाजलेले, म्हणून शाळा सकाळची झाल्यापासून दुपारी मस्टर मी लिहीत असे. चुलत्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, “जो येईल तो अठराचा. इचारत बसू नको.” त्यामुळे त्या मस्टरवर आमच्या गावात सतरा वर्षांचे कोणी नव्हते आणि बारा वर्षांचे तर मुळीच नव्हते. माझ्या वर्गातली नऊ मुले त्यावर होती. तो होता. त्याची आई होती. त्याची बहीण होती, ती बाराची असेल नसेल. हातोडी दोन्ही हातांनी धरायची. तिच्या नावापुढेही मी अठराच लिहिले.

हा खोटेपणा होता का? होता. मी तो नाकारत नाही. तो साऱ्या गावाने मिळून केला, अधिकाऱ्यांनी समजून उमजून डोळ्याआड केला आणि त्यावर त्या वर्षी शेकडो चुली पेटल्या. एकट्याने केला म्हणून मात्र तो फक्त एकाच्या नावावर लागला.

जिल्ह्याच्या स्पर्धेला दहा-बारा दिवस असतील. दुपारी चुलते जेवायला गेले होते. मी लिंबाखाली मस्टर मांडून बसलो होतो. सायकलवर एक गृहस्थ आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, खिशाला पेन. दुसऱ्या एका शाळेत शिक्षक असल्याचे त्यांनी सांगितले. दुष्काळात विद्यार्थीही कसे राबत आहेत याची माहिती जमवतोय, म्हणाले. मस्टर हातात घेऊन त्यांनी पान उलटले आणि थांबले. हे कोणी लिहिले, असे विचारले. मी म्हटले, मी. ते म्हणाले की असे अक्षर मी शिक्षक असून मला काढता येत नाही, छापल्यासारखे आहे. मग म्हणाले, एका पानाची नक्कल मिळेल का?

मी पंधरा वर्षांचा होतो आणि आयुष्यात कोणी माझ्याकडे इतक्या गंभीरपणे काही मागितले नव्हते. मी नक्कल केली. साधी केली नाही. रकान्यांना पट्टीने रेघा मारल्या, मथळा लाल शाईने लिहिला. त्यांनी कोणते पान मागितले हे माझ्या लक्षातही आले नाही. ते त्याचे नाव असलेले पान होते. कागद घडी न पडता त्यांनी वहीत ठेवला आणि सायकलला टांग मारली. संध्याकाळी चुलत्यांना मी हे सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असेच मला वाटले नाही. अभिमान मात्र वाटला. तो रात्रभर टिकला.

उस्मानाबादला मी कबड्डीच्या संघात राखीव खेळाडू म्हणून गेलो होतो. सोळा वर्षांखालच्या गटात त्याची उडी पहिली आली. दुसरा आला तो त्या सायकलवाल्या गृहस्थांच्या शाळेचा. बक्षिसाच्या आधी त्यांनी हरकत नोंदवली. मंडपामागे एका टेबलाशी तीन पंच आणि शिक्षण खात्याचे एक साहेब बसले. त्याला समोर उभे केले. आमचे पी.टी.चे सर शाळेच्या रजिस्टरचा उतारा घेऊन उभे होते. त्यात त्याचा जन्म एक जूनचा होता. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले की या गावातली सगळीच पोरे एक जूनला जन्मतात की काय. पंचही हसले. ते खरेच होते. गुरुजींनी नाव घालताना सगळ्यांना एक जूनच दिला होता, मलाही. मग त्यांनी माझा कागद टेबलावर ठेवला.

दोन्ही कागद खोटे होते. एका कागदावर रेघा सरळ होत्या आणि मथळा लाल होता.

तो वाकून कागद बघत होता. बघता बघता त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिले. मी मंडपाच्या दोरीला धरून उभा होतो. साहेबांनी मग जे सांगितले ते मी शब्दशः विसरलेलो नाही, पण अर्थ सांगतो. ते म्हणाले की मस्टरवर वय खोटे असेल तर तसे म्हण, आम्ही शाळेचे मानू. मात्र मग ते मस्टर खोटे म्हणून तहसीलला कळवावे लागेल आणि एकेका नावाची तपासणी होईल. त्यांनी हे धमकीने सांगितले नाही. उलट, पोराला सगळे समजावे म्हणून सावकाश सांगितले.

“मस्टरवरचा हा तूच का?”

“व्हय, म्याच.”

“वय किती?”

“अठरा.”

सरांनी त्याचा दंड धरला. तो पुन्हा म्हणाला, “अठरा हाय, सायब.” सही कर म्हणाले, त्याने केली. सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नसतील.

मी एक पाऊल पुढे टाकून म्हणू शकलो असतो की हे मी लिहिले आहे, विचारल्याशिवाय लिहिले आहे, सगळ्यांचेच असे लिहिले आहे. म्हटले नाही. चुलते मुकादम होते, हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिले. ते कारण आज मी कोणाला देणार नाही. मला भीती वाटली होती, बस्स.

परतीच्या एस.टी.त तो माझ्याच शेजारी बसला. मग विचारले, “अक्षर तुझंच हाय ना?”

मी हो म्हटले. कोणी मागितले, कसे मागितले, तेही सांगितले.

“च्या तरी पाजला का त्यानं?”

“न्हाय.”

“मंग लई स्वस्तात गेलो की म्या.” आणि तो हसला. त्याच्या त्या हसण्याचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मग म्हणाला, “खोटं म्हणलो असतो तर उद्या गाडी आली असती तलावावर. आई, बहीण, समदी घरी बसली असती. मंग खाणार काय? उडी?”

हे त्याचे शब्द आहेत. वय त्याने लपवले नव्हते. जे वय त्याचे नव्हते ते त्याने उघडपणे, सही करून स्वीकारले, यासाठी की गावाचे काम चालू राहावे. मुख्याध्यापक महाशयांनी ‘लपवले’ हे क्रियापद मागे घ्यावे.

पुढच्या वर्षी फलकावरून त्याचे नाव काळ्या रंगाने पुसले गेले. तोवर त्याने शाळा सोडली होती.

आता व्यसनाचे. सात-आठ वर्षांनी गावात दूध संस्था निघाली. दूध तपासायला कोणी तरी नेकीचा माणूस हवा होता. त्याला ठेवले. पहाटे तो लॅक्टोमीटर, गावाच्या भाषेत काटा, घेऊन बसे आणि कोणाचेही कॅन असो, काटा जे दाखवेल तेच बोले. चार महिने ठीक चालले. मग गावातल्या एका मोठ्या जनावरवाल्याचे दूध त्याने पाणी आहे म्हणून तीन वेळा परत केले. पुढच्या सभेत ते गृहस्थ उभे राहिले.

“ज्यानं सायबापुढं वय खोटं लिवलं, त्यो आमच्या दुधाला खोटं म्हणतोय. काय संस्था हाय.”

सभा हसली. त्याने उभे राहून एवढेच सांगितले की काट्याला वय नसतं. तेव्हाही हसले, पण त्याला काढायचे असे ठरले ते ठरलेच. त्या संस्थेचा मी संचालक होतो आणि त्या सभेला हजर होतो. मी ठरावाच्या विरोधात हात वर केला, असे काही जण आज माझ्या बाजूने सांगतात. त्यांचेही चुकते. मी हात वर केला नाही. मी पुढचा विषय घ्या म्हणालो.

त्यानंतर तो माकणीकडे धरणाच्या कालव्यावर कामाला गेला. तिथे मजुरांच्या पालांना प्यायला डबक्याचे पाणी होते. कावीळ झाली. त्याच पालांतल्या आणखी चौघांना झाली, त्यांतले दोघे अजून हयात आहेत आणि त्यांना विचारता येते. कावीळ म्हणजे दारू, हा हिशेब गावाने घरी बसून केला. त्याने दारू प्यायलेली मी पाहिली नाही. ज्यांनी पाहिली असे म्हणतात त्यांनी कुठे पाहिली ते लिहून द्यावे. गावठी औषधात आठवडा गेला. मग त्याला ट्रकमध्ये घालून उमरग्याच्या एका दवाखान्यात नेले. मी तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. डोळे हळदीसारखे पिवळे, ओळख नव्हती. केसपेपरवर वय पस्तीस लिहिले होते. मस्टर खरे धरले तर तो बत्तीसचा होता, शाळा खरी धरली तर तीसचा. मी डॉक्टरांना काही सांगितले नाही. ऊन उतरायच्या आत तो गेला.

माझी मागणी अशी आहे. स्मरणिकेतला तो परिच्छेद काढावा. त्याचे नाव फलकावर पुन्हा लिहावे. आणि हे का झाले, तर एका गावाची तोंडे चालू राहावीत म्हणून, विशेषतः बारा वर्षांची एक बहीण खडीवर राहावी म्हणून, एका मुलाने आपले सगळे सोडून दिले, असे त्याखाली नोंदवावे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मला वाटले की छापण्यापूर्वी त्या बहिणीला ऐकवणे उचित होईल. ती जळकोटला दिलेली आहे. नवरा गेला, मुलगा हायवेवर गॅरेज चालवतो. मी सकाळच्या गाडीने गेलो. पन्नास वर्षांत मी तिच्या घरी गेलो नव्हतो, तरी तिने ओळखले. तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बसा म्हणाली, पाणी दिले. मी कशासाठी आलो ते सांगितले आणि सगळे वाचून दाखवले. वाचताना ती सोलत राहिली. नकलेची गोष्ट आली तेव्हाही हात थांबला नाही. तिला ती नवी नव्हती. शेवटच्या परिच्छेदाला मात्र तिने शेंग सुपात टाकली.

“हे माझ्यामुळं झालं म्हणता?”

मी म्हटले, ताई, एस.टी.त तो स्वतः म्हणाला होता.

“तुमाला तसंच म्हणला असंल. शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर काय म्हणायचं त्यानं?”

मग तिने मला सांगितले, आवाज न चढवता. आईने त्याच संध्याकाळी त्याला विचारले होते की खोटे आहे असे का नाही सांगितलेस, आमचे काम गेले असते तर दुसऱ्या गावाला गेलो असतो, लोक जातच होते. त्यावर तो म्हणाला होता की लिहिणारा कोण, हे पहिले विचारलं असतं. तो समोरच उभा होता. पुढे आला असता तर मीही बोललो असतो. आला न्हाय.

“त्यो वाट बघत हुता,” ती म्हणाली. “दोनदा अठरा म्हणला की न्हाय? पहिल्यांदा म्हणून थांबला हुता तुमच्यासाठी. मला बारा वर्सांची असताना कुणी इचारलं न्हाय. आता म्हातारपणी हे माझ्या डोक्यावर कशाला ठेवता, दादा?”

मी आयुष्यभर लोकांची वाक्ये दुरुस्त केली आहेत. माझ्याजवळ उत्तरे होती. तो दुसऱ्यांदा बोलला तो सरांनी दंड धरला म्हणून, हे मी सांगू शकलो असतो. मध्ये किती क्षण गेले, हे मला आठवते असे मी समजत होतो. तिच्या ओट्यावर बसून ते पुन्हा मोजू लागलो आणि मला सांगता येईना. मी खिशातून पेन काढले आणि तो परिच्छेद खोडायला घेतला.

“खोडू नका,” ती म्हणाली. “तुमाला तसं वाटतंय तर राहू द्या. खाली लिवा, बहिणीला हे मान्य न्हाय म्हणून.”

ती पुन्हा सोलायला लागली. मी तिथेच, तिच्यासमोर, खाली लिहिले. संपादकांनी ते माझ्या मजकुराच्याच आकारात छापावे.

बहिणीला हे मान्य नाही.